हजार बायांचा ग्रुप सांभाळायचा कसा: नागपूरच्या ॲडमिन ताईंसाठी

शंभर जणींपर्यंतचा ग्रुप ओळखीवर चालतो. कुणी भलतंच काही टाकलं तर कुणाची तरी जाऊ नाहीतर शेजारीण तिला फोन करून सांगते आणि विषय तिथंच मिटतो. तीनशेच्या पुढे गेलं की हे बंद होतं. बेसाच्या बाईला जरीपटक्याची बाई ओळखत नाही, दोघींमध्ये बोलायला मधलं कुणी नसतं, आणि सगळं येऊन पडतं ॲडमिनच्या डोक्यावर. घरचे म्हणतात, "दिवसभर मोबाईलवर काय बसून राहिली?" पण तिच्या त्या बसण्यामुळे कुणाला कूलरचा भरवशाचा मिस्त्री मिळतो, कुणाच्या मुगवड्या विकल्या जातात आणि कुणाला अडल्या वेळी रक्तदाता सापडतो. हे काम आहे आणि ते कामासारखंच करावं लागतं: ठरलेल्या वेळी, वाटून घेऊन, नोंद ठेवून.

आधी एक वाक्य

ग्रुप कशासाठी आहे ते एका वाक्यात लिहून काढा. "नागपूरच्या महिलांसाठी मैत्रीचं व्यासपीठ" या वाक्याने काहीच ठरत नाही. त्यात लग्नाची स्थळं बसतात, निवडणुकीचा प्रचार बसतो आणि वजन कमी करायची पावडरही बसते. "दक्षिण-पश्चिम नागपुरात घरून व्यवसाय करणाऱ्या महिलांनी माल विकायचा आणि कामाची माहिती एकमेकींना द्यायची" असं लिहिलं की नव्वद टक्के वाद सुरू व्हायच्या आधीच निकालात निघतात. पावडरवाली आली तर तिला ते वाक्य दाखवायचं, आपलं मत सांगायची गरजच उरत नाही.

कुठे चालवायचा

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य मावतात. वापरायला सोपं, घरातल्या आजीलाही येतं. पण एक मोठी उणीव आहे: प्रत्येकीचा मोबाईल नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. बायांच्या ग्रुपमधले निम्मे त्रास इथूनच सुरू होतात, म्हणून व्हॉट्सॲपवर प्रवेशाची चाळणी फार बारीक ठेवावी लागते. फेसबुकच्या खाजगी ग्रुपमध्ये नंबर दिसत नाही आणि आत येणाऱ्याला तीन प्रश्न विचारायची सोयही आहे, पण निरोप वेळेवर पोचेल याची खात्री नाही. आज पाणी येणार नाही ही सूचना तिथे परवा दिसते. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो आणि दोन लाखांपर्यंत सदस्य चालतात, पण नागपुरातल्या चाळिशीच्या पुढच्या बहुतेक जणी तिकडे येत नाहीत. म्हणून बाहेरचं दार फेसबुकवर ठेवा आणि तिथे पारखलेल्यांनाच आत व्हॉट्सॲपवर घ्या.

ग्रुप भरला की "ग्रुप २" काढायची चूक बहुतेक जणी करतात. मग तीच जाहिरात दोन्हीकडे पडते, त्याच बाया दोन्हीकडे असतात आणि दोन्हीकडे तेच भांडण पेटतं. त्यापेक्षा कामाप्रमाणे वाटणी करा: सूचना वेगळ्या, खरेदी-विक्री वेगळी, मदत आणि चौकशी वेगळी. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीत असे ग्रुप एकाखाली बांधता येतात. त्यातल्या सूचनांच्या ग्रुपमध्ये साध्या सदस्यांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत, तो मोठा फायदा.

ग्रुप उघडल्याबरोबर, पहिली सदस्य घ्यायच्या आधी, नावावर टॅप करून परवानग्यांमध्ये हे बदल करा. सदस्य जोडण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला. ग्रुपचं नाव, फोटो, माहिती बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला. नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल हा पर्याय सुरू. आमंत्रणाची लिंक दर महिन्याला रद्द करून नवीन काढा, कारण जुनी लिंक कुठे कुठे फिरली याचा पत्ता लागत नाही.

ॲडमिन किती आणि कोण

पाचशेच्या पुढच्या ग्रुपला पाच. तीन कमी पडतात: एकीकडे लग्न, एकीकडे परीक्षा, आणि तिसरीवर सगळं. आठ झाल्या की प्रत्येकीला वाटतं दुसरी बघत असेल.

पाचही जणी एकाच सोसायटीतल्या, एकाच भिशीतल्या किंवा एकाच जातीच्या नकोत. निर्णय कितीही सरळ असला तरी "त्या सगळ्या एकच" असं बोललं जातं, आणि ते बोलणाऱ्या बाईची पूर्ण चूक नसते. शुभेच्छांचंच घ्या. गणपतीत चार दिवस आरत्या आणि फोटो चालू दिले, आणि १४ ऑक्टोबरला कुणी दीक्षाभूमीचा फोटो टाकून "जय भीम" लिहिलं तर "ग्रुपच्या विषयाबाहेरचं टाकू नका" म्हटलं, तर ग्रुप तिथंच फुटला समजा. ईदला, नाताळला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, मारबतीला एकच नियम: एक तर प्रत्येक सणाला एक दिवस शुभेच्छा चालतील, नाहीतर कुठल्याच सणाला नाही. पाच जणी पाच ठिकाणच्या असल्या की असली चूक नियम लिहितानाच कुणीतरी पकडते.

दिवसाच्या तीन पाळ्या करा: सकाळी ७ ते ११, ११ ते ४, ४ ते १०. प्रत्येकीला आठवड्यात चार किंवा पाच पाळ्या येतात. पाळी म्हणजे दर अर्ध्या तासाला ग्रुप एकदा वर-खाली बघणं, सतत हातात फोन नाही. पाळी नसलेल्या ॲडमिनने ग्रुपमध्ये ॲडमिन म्हणून बोलायचं नाही. एका तक्रारीवर दोघींनी दोन उत्तरं दिली की सदस्य सोयीचं तेवढं उचलतात.

फक्त ॲडमिनचा एक वेगळा ग्रुप आणि एक साधी वही, ऑनलाइन असेल तरी चालेल. वहीत पाच रकाने: तारीख, सदस्याच्या नंबरचे शेवटचे चार आकडे, काय झालं, काय केलं, कुणी केलं. दोन वर्षांनी "मला कधीच ताकीद दिली नव्हती" असं कुणी म्हटलं तर ही वहीच उत्तर देते. सदस्याला काढायचं तर दोन ॲडमिनची संमती हवी. अश्लील मजकूर, धमकी किंवा पैशांची उघड फसवणूक असेल तेव्हाच एकटीने लगेच काढावं आणि मग बाकीच्यांना कळवावं.

व्हॉट्सॲपचे दोन बारकावे माहीत असू द्या. ग्रुपमध्ये एकच ॲडमिन असेल आणि तिने ग्रुप सोडला तर व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्याही सदस्याला आपोआप ॲडमिन करतं. आठशे जणींच्या ग्रुपची किल्ली अशी अनोळखी हातात जाऊ शकते. आणि जिने ग्रुप बनवला तिला दुसऱ्या ॲडमिन काढू शकत नाहीत. म्हणून ग्रुप कुणाच्या नंबरवरून बनतोय याचा आधी विचार करा. जमलं तर ग्रुपसाठी वेगळं सिम घ्या. घरच्या नंबरवर डीपी म्हणून मुलांचा फोटो असतो, तो हजार अनोळखी लोकांना दिसायला नको.

पाचही जणींनी टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावलाच पाहिजे. नेहमीची फसवणूक अशी: ओळखीच्या नंबरवरून निरोप येतो, "ताई, माझा कोड चुकून तुमच्या मोबाईलवर आला, सांगता का?" तो कोड तुमच्याच व्हॉट्सॲपचा असतो. सांगितला की खातं गेलं, आणि पाच मिनिटांत तुमच्या नावाने ग्रुपमध्ये "दवाखान्यात आहे, दहा हजार पाठवा" सुरू होतं. पिन असेल तर नुसत्या कोडवर चोराचं काम होत नाही. तरी खातं गेलंच, तर दुसऱ्या ॲडमिनने लगेच त्या नंबरला ग्रुपमधून काढावं आणि एक ओळीची सूचना टाकावी. जिचं खातं गेलं तिने आपल्या फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करून एसएमएसने आलेला कोड टाकावा. कोड टाकताक्षणी चोर बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं, पण त्या सात दिवसांत त्यालाही खातं वापरता येत नाही.

दारावरची चाळणी

बायांच्या नावाने खातं काढून पुरुष आत येतात, डीपीवर गुलाबाचं फूल किंवा देवीचा फोटो लावून. त्यांना अडवायला तीन प्रश्न पुरतात:

राहता कुठे, आणि घराजवळची खूण कोणती?
ग्रुपबद्दल कुणी सांगितलं? त्यांचं नाव आणि त्या कोणत्या भागात राहतात?
नियम वाचले का? तिसरा नियम काय आहे ते लिहा.

खरी बाई लिहिते, "त्रिमूर्तीनगर, बगिच्याच्या मागे". खोटं खातं लिहितं, "नागपूर". दुसऱ्या प्रश्नात जिचं नाव आलं तिला फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे. तिसरा प्रश्न बहुतेक ग्रुप विचारत नाहीत, आणि खरा उपयोग त्याचाच: नियम वाचल्याशिवाय आत येणारी बाई पहिल्याच दिवशी जाहिरात टाकते, तिला टोकलं की तिचा अपमान होतो, आणि ती चिडून बसते.

प्रवेश आठवड्यातून दोनच दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि एका दिवशी वीसपेक्षा जास्त नाही. एकदम दीडशे नवीन आल्या की जुन्या गप्प होतात, कारण आपण कुणासमोर बोलतोय ते त्यांना कळेनासं होतं.

महिलांच्या बंद ऑनलाइन मंडळांत ही काळजी सुरुवातीपासून आहे. अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञ अनिता बोर्ग यांनी १९८७ साली संगणक क्षेत्रातल्या बायांसाठी 'सिस्टर्स' नावाचं ईमेलवरचं मंडळ सुरू केलं, तेही फक्त महिलांसाठीच होतं. आत कोण आहे याची खात्री असली तरच बाया मोकळ्या बोलतात.

नियम सात, त्याहून जास्त नकोत

वीस नियमांची पीडीएफ कुणी वाचत नाही. फोनच्या एका पडद्यावर मावेल एवढंच लिहा, बोलतो त्या भाषेत:

"१. ग्रुप घरगुती व्यवसाय आणि मदतीसाठी. २. विक्री फक्त बुधवारी आणि शनिवारी. ३. इथला नंबर, फोटो, निरोप बाहेर द्यायचा नाही. ४. कुणाच्या घरच्यांवर, जातीवर, धर्मावर, रंगरूपावर बोलायचं नाही. ५. फॉरवर्ड केलेला निरोप चालणार नाही. स्वतः पाहिलं तेच लिहा. ६. रात्री १० ते सकाळी ७ ग्रुप बंद. ७. तक्रार ॲडमिनला खाजगीत. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा सात दिवस बाहेर, तिसऱ्यांदा कायमचं बाहेर."

हा निरोप पिन करा. व्हॉट्सॲपवर पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला पुन्हा पिन करायचं काम पाळीच्या तक्त्यात लिहून ठेवा. पिन निघून गेला आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, असं जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये होतं.

तिसऱ्या नियमावर कधीही सूट नको. कुणी आपल्या नवऱ्याबद्दल, सासरबद्दल, आजाराबद्दल विश्वासाने लिहिलेलं असतं. त्याचा स्क्रीनशॉट तिच्या नणंदेपर्यंत पोचला तर ती बाई घरात भोगते. इथे पहिली समज वगैरे नाही, सरळ बाहेर, आणि हा अपवाद नियमांखाली एका ओळीत लिहून ठेवा.

विक्रीचे दिवस

मार्चपासून वाळवणाचा हंगाम: मुगवड्या, कुरडया, सरगुंडे, ज्वारीचे पापड. नागपूरच्या उन्हात गच्चीवर दोन दिवसांत माल कडक होतो आणि ग्रुपमध्ये जाहिरातींचा पूर येतो. ठरलेला साचा नसेल तर "रेट?" "कुठे?" "पोचवता का?" अशा तीस प्रश्नांत खरी माहिती बुडते. साचा असा:

"मुगवड्या, घरच्या. पाव किलो १२० रु., किलो ४५० रु. आज ६ किलो तयार. भाग: खामला. पोचवणं: ३ किमीपर्यंत ३० रु., बाकीच्यांनी घेऊन जावं. ऑर्डर खाजगीत, संध्याकाळी ६ पर्यंत."

एक बाई, एका दिवशी, एकच निरोप आणि जास्तीत जास्त दोन फोटो. खाण्याचा माल नियमित विकणाऱ्यांकडून एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचा १४ आकडी क्रमांक मागा. तो मागायला ॲडमिनला अवघड वाटतं, पण कुणाचं पोट बिघडलं की पहिला प्रश्न तोच येतो.

पैशांचे वाद मुख्यतः आगाऊ रकमेवरून होतात. निम्म्यापेक्षा जास्त आगाऊ घ्यायची नाही, आणि माल हातात पडल्यावरच बाकी द्यायची, एवढा नियम पुरतो. नव्या विक्रेत्या ताईंना एक गोष्ट मात्र स्वतः फोन करून समजावून सांगा: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. "मी बाहेरगावी ड्युटीवर आहे, पूर्ण ऑर्डरचे पैसे आत्ताच देतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा गिऱ्हाईक पैसे द्यायला आलेला नाही, घ्यायला आला आहे. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. गेलेच, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, घरच्यांना त्यानंतर. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

भांडण लागलं तर

रविवार दुपार. एकीने डब्बा मागवला होता. ती लिहिते, "भाजीत मीठच नाही, पैसे वापस करा." डब्बेवाल्या ताई लिहितात, "बाकी बारा जणींना आवडला, तुम्हालाच काऊन नाही आवडला?" त्यावर पहिली, "तुमच्या घरी असंच खातात वाटते." इथपर्यंत तीन निरोप आणि चार मिनिटं झाली. पुढच्या दहा मिनिटांत दोन्हीकडच्या मैत्रिणी उतरतात आणि विषय मिठावरून माहेर-सासरवर जातो.

तिसऱ्या निरोपालाच ग्रुप बंद करायचा. परवानग्यांमध्ये जाऊन निरोप फक्त ॲडमिन पाठवू शकतील असं करा. वीस सेकंदांचं काम आहे. लगेच एक ओळ टाका: "डब्ब्याच्या विषयावर दोघी ताईंशी बोलतो आहोत. ग्रुप ४ वाजता सुरू होईल." कोण बरोबर, कोण चूक याचा एक शब्दही नको. वेळ मात्र नक्की लिहा आणि ती पाळा. वेळ दिली नाही तर सगळ्या जणी खाजगीत विचारायला लागतात.

घरच्यांबद्दलचा निरोप काढून टाकायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि वेळ दिसली पाहिजे. ॲडमिनने निरोप काढला की कुठल्या ॲडमिनने काढला ते सगळ्यांना दिसतं, म्हणून ज्या ॲडमिनची दोघींपैकी कुणाशी जवळीक आहे तिने हात लावू नये. मग खाजगीत लिहा:

"ताई, नमस्कार. तुमचा एक निरोप मी काढला आहे. तक्रार चूक होती म्हणून नाही, त्यात त्यांच्या घरच्यांबद्दल लिहिलं होतं म्हणून. पैशांचं आपण बोलून मार्गी लावू. आत्ता फोन करू का?"

यात काय केलं, का केलं आणि पुढे काय, एवढंच आहे. "तुम्ही नेहमीच असं करता" हे वाक्य कितीही खरं असलं तरी लिहू नका. त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत दहा जणींकडे असतो. लिहून मिटत नाही ते फोनवर मिटतं, म्हणून दोघींना वेगवेगळा फोन करा, आणि आधी तिला जिचा जास्त अपमान झाला. बहुतेक वेळा तिला पैसे नको असतात, कुणीतरी "तुमचं दुखलं ते बरोबर आहे" म्हणायला हवं असतं.

काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. ॲडमिन स्वतः सर्वांसमोर वाद घालते. मग ती पंच राहत नाही. "हिला काढायचं का?" म्हणून पोल टाकला जातो, हजार जणींसमोर एका बाईची पंचायत बसवण्यापेक्षा क्रूर काही नाही, आणि तिच्या मैत्रिणी कमी असतील तर ती बरोबर असूनही हरते. किंवा कुणालाच दुखवायचं नाही म्हणून ॲडमिन काहीच करत नाही. या तिसऱ्या चुकीने सर्वांत जास्त ग्रुप संपतात, कारण शांत स्वभावाच्या बाया न बोलता निघून जातात. सोडून गेलेल्यांची यादी ॲडमिनला ६० दिवस दिसते. महिन्यातून एकदा ती बघा आणि दोघी-तिघींना का सोडलं ते विचारा.

अफवा

निरोपावर दोन बाण दिसले तर तो बराच फिरून आलेला आहे: निदान पाच टप्प्यांतून फॉरवर्ड झालेला. असा निरोप ग्रुपमध्ये ठेवायचाच नाही, खरा असला तरी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. मुलं पळवणाऱ्यांचा निरोप आजही दर पावसाळ्यात येतो, आणि तो सर्वांत जास्त आयांच्या ग्रुपमध्ये फिरतो, कारण आईची भीती खरी असते. टाकणाऱ्या बाईला रागवू नका. निरोप काढा आणि लिहा: "काळजी समजते. हा निरोप कुठून आला हे कळत नाही, म्हणून काढला. स्वतः काही पाहिलं असेल तर ११२ वर कळवा."

खरं संकट आलं की ग्रुपचं काम बदलतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तशा वेळी चार तासांपूर्वीचा व्हिडिओ आत्ताचा म्हणून फिरला तर लोक चुकीच्या रस्त्याने निघतात. अशा रात्री विक्री बंद करा, पाळीवर दोन ॲडमिन ठेवा, आणि सदस्यांना एकाच साच्यात लिहायला सांगा: ठिकाण, वेळ, स्वतः पाहिलं की ऐकलं, कशाची मदत हवी. "ऐकलं" असेल तो निरोप खरा धरायच्या आधी त्या भागातल्या सदस्याला फोन. शहरात तणाव असेल, मार्च २०२५ मध्ये संचारबंदी लागली होती तसा, तर ग्रुप फक्त ॲडमिनसाठी ठेवा आणि पोलीस व महापालिकेच्या अधिकृत सूचनांखेरीज काहीही टाकू नका.

कुणाला त्रास होत असेल तर

ग्रुपमधून नंबर उचलून कुणीतरी रात्री "हाय डिअर" पाठवतं, व्हिडिओ कॉल करतं. सदस्य आधी ब्लॉक करते आणि सगळं पुसून टाकते. लाजेपोटी होतं ते, समजण्यासारखं आहे, पण पुरावा जातो. तिला सांगा: आधी स्क्रीनशॉट, नंबर, तारीख आणि वेळ दिसतील असे, न कापता. प्रोफाइलची लिंक. मूळ निरोप फोनमध्येच राहू द्या. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोनला किंमत असते. हे झालं की मग रिपोर्ट आणि ब्लॉक.

नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा ऑनलाइन संपर्क करणं, पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद. खाजगी क्षणांचे फोटो काढणं-पसरवणं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई मध्ये येतं, अश्लील मजकूर त्याच कायद्याच्या ६७ मध्ये. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर लिहावाच लागतो. शहराचं सायबर पोलीस ठाणं आहेच. घरी कळेल या भीतीने जी जायला तयार नाही तिला सांगा की राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविरुद्धच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देता करता येते. तातडीला ११२, आणि घरातल्या मारहाणीपासून सल्ल्यापर्यंत महिला हेल्पलाइन १८१.

कुणाचे खाजगी फोटो पसरवायची धमकी असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा वापरायला मदत करा. फोटो तिच्याच फोनमध्ये राहतो. त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो कुणी चढवला तर ओळखून अडवला जातो. ती सेवा १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. मुलगी लहान असेल तर सरळ मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि पोलीस. एक लक्षात ठेवा: तो फोटो "पुरावा म्हणून" ॲडमिनच्या ग्रुपमध्ये मागवायचा नाही. तुम्हाला तो बघायची गरज नाही, आणि तिने तो आणखी पाच जणींना दाखवावा लागणं हा तिच्यावर दुसरा घाव आहे.

सदस्याच्या चुकीला ॲडमिन जबाबदार?

ही भीती घालून बऱ्याच जणींना या कामातून मागे ओढलं जातं. याचं उत्तर नागपुरातूनच आलेलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात ग्रुपमधल्या एका सदस्याने महिला सदस्याबद्दल अश्लाघ्य भाषा वापरली आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल तर दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल ॲडमिनला दोषी धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण या निकालामुळे कायद्याचं ओझं उतरलं तरी त्या बाईचं काय, हा प्रश्न उरतोच. तिला शिवी पडली तेव्हा ॲडमिन काय करत होती, हे ग्रुप विसरत नाही. आणि ॲडमिनने स्वतः तसला मजकूर टाकला किंवा पुढे पाठवला तर ती इतर कुणाइतकीच जबाबदार.

स्वतःला जपा, आणि वेळेत सोडा

रात्री १० ला ग्रुप बंद म्हणजे बंद. ॲडमिनच्या खाजगी निरोपांनाही हाच नियम, फक्त तातडीचा अपवाद. तातडी म्हणजे जीव, मारहाण, हरवलेलं मूल, पैशांची फसवणूक. साडीचा रंग उतरला ही तातडी नाही. ॲडमिनच्या व्हॉट्सॲपवर ठराविक उत्तर तयार ठेवा: "निरोप मिळाला. सकाळी ७ नंतर पाळीवरच्या ताई बोलतील. जिवाला धोका असेल तर ११२."

धमकी आली, ॲडमिनलाच अश्लील निरोप आले, तर तिने ते एकटीने गिळायचे नाहीत. त्याच दिवशी बाकी चौघींना सांगायचं, आणि तक्रारीला जाताना निदान एकीने सोबत जायचं.

एका बाईने दीड वर्षापेक्षा जास्त सलग ॲडमिन राहू नये. एप्रिल-मे सोडून बदल करा, कारण तेव्हा अर्ध्या जणी माहेरी असतात आणि उरलेल्या वाळवणात. नवीन ताई निवडताना सर्वांत जास्त बोलणारी नको; जिने कुणाचं भांडण खाजगीत मिटवल्याचं वहीत दोन-तीनदा आलंय ती बघा. पहिले दोन आठवडे तिला ११ ते ४ ची पाळी द्या, ती सर्वांत शांत असते. जुन्या ताईने त्या दोन आठवड्यांत ॲडमिन राहायचं पण हात लावायचा नाही, विचारलं तरच सांगायचं. पंधराव्या दिवशी वही, पाळीचा तक्ता आणि ग्रुपचं सिम हातात द्या, सिमचा पिन बदलून घ्या, आणि जुन्या ताईचा ॲडमिन हक्क त्याच संध्याकाळी काढा.